गाढी नदी, झोका आणि प्लाझ्मा: खळबळीला आवर कसा घालायचा?

मागच्या लेखात प्लाझ्मा म्हणजे काय ते आपण पाहिलं. त्यानंतर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: ‘प्लाझ्मा चुंबकाने धरून ठेवता येतो, असं तूच म्हणालीस ना? मग इतकी वर्षं अडलंय कुठे?’

प्रश्न अगदी रास्त आहे आणि माझ्या पीएचडीचा विषय नेमका तोच आहे. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर अडलंय ते लाटांवर. चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या प्लाझ्मात आपोआप लाटा उठतात, त्या वाढतात, एकमेकींत मिसळतात, आणि मग जी खळबळ माजते (आम्ही तिला टर्ब्युलन्स म्हणतो, मराठी पुस्तकांत प्रक्षोभ) ती आतली उष्णता बाहेर नेऊन टाकते. या लाटांना आवर घालता येतो का, आणि घातला तर त्याची किंमत काय, हे आज बघू.

दुप्पट चुंबक, पण फायदा किती?

थोडी उजळणी करू. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू. विद्युतभार असलेला कण चुंबकीय क्षेत्रात सरळ जात नाही, क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेतो. रेषेच्या दिशेने तो मोकळा धावतो, आडवं मात्र त्याला जाता येत नाही. आडवं जायला दुसऱ्या कणाशी टक्कर व्हावी लागते, आणि दर टकरीला तो जेमतेम एका गिरकीएवढा सरकतो.

या हिशेबाने चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं की गिरकी निम्मी होते आणि गळती चौपट कमी व्हायला हवी. म्हणजे मोठा चुंबक लावला की काम झालं! १९५५ साली जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. सूर्यासारखी संमीलनाची ऊर्जा येत्या दोन दशकांत नियंत्रित करण्याची रीत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं. आज त्यावर हसणं सोपं आहे. पण तेव्हा कागदावरचा हिशेब खरंच तसा होता.

प्रयोगशाळेत मात्र वेगळंच दिसत होतं. डेव्हिड बोम यांनी १९४०च्या दशकातच मांडलं होतं की प्लाझ्मा टकरींच्या हिशेबापेक्षा कितीतरी भराभर गळतो. क्षेत्र दुप्पट केलं तर गळती चौपट नाही, फक्त निम्मी होते. प्रिन्स्टनच्या सुरुवातीच्या यंत्रांचा १९६०च्या दशकातला अनुभव बराचसा असाच होता. १९६८ साली नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत रशियन गटाने टी-३ या टोकामॅकचे आकडे मांडले, ते बोमच्या हिशेबापेक्षा खूप चांगले होते. पुष्कळांचा विश्वास बसेना. शेवटी १९६९ मध्ये ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेतले लोक आपलं लेझरचं उपकरण घेऊन मॉस्कोला गेले आणि त्यांनी तापमान मोजलं. आकडे खरे निघाले. तेव्हापासून टोकामॅक हे मुख्य यंत्र झालं. पण गळती संपली नव्हती. टकरींच्या हिशेबापेक्षा ती अजूनही पुष्कळ जास्त होती. हा वरचा हप्ता कोण खातंय? तर लाटा.

तांब्या उपडा केला तर

एक घरगुती प्रयोग करा. तांब्या काठोकाठ भरा, वर जाड कागद ठेवा, हाताने दाबून तो उपडा करा आणि हात काढा. पाणी पडत नाही. बाहेरच्या हवेचा दाब ते तोलून धरतो. आता कागद सरकवा. पाणी भस्सकन खाली! हवेचा दाब तर तेवढाच आहे, मग बदललं काय? कागद होता तोवर पाण्याचा पृष्ठभाग सपाट होता. कागद गेल्यावर त्यावर बारीकशी लहर उठली. जिथे पाणी थोडं खाली आलं तिथे ते आणखी खाली यायला लागलं, जिथे हवा थोडी वर गेली तिथे ती आणखी वर गेली.

यालाच अस्थिरता म्हणतात. बळ पुरेसं आहे, तोलही आहे, पण तो तोल बारीकशा धक्क्याला टिकत नाही. अस्थिरतेसाठी दोन गोष्टी लागतात. एक, कुठेतरी साठलेली ऊर्जा (इथे पाणी हवेच्या वर आहे ही). दोन, ती ऊर्जा मोकळी करायची वाट (इथे ती लहर).

कोंडलेल्या प्लाझ्मात साठलेली ऊर्जा असतेच असते. मधे घनता जास्त, कडेला कमी. मधे तापमान कोट्यवधी अंश, भिंतीपाशी काहीच नाही. हा उतार आपणच तयार केलेला असतो, कारण तोच तर हवा आहे! प्लाझ्मा कोंडायचा म्हणजे उतार ठेवायचा. आणि उतार ठेवला की त्यावरून घसरायला लाटा तयारच बसलेल्या असतात. या क्षेत्रातला मूळ पेच हाच आहे.

लाट वाढते कशी?

या लाटांपैकी सगळ्यात नेहमीची म्हणजे ड्रिफ्ट लाट. थोडं सावकाश वाचा, एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

समजा एका जागी घनता थोडी वाढली. इलेक्ट्रॉन हलके, ते चुंबकीय रेषेवरून पटकन पांगतात. जड आयन मागे राहतात. त्यामुळे दाट जागी धन विद्युतदाब तयार होतो. शेजारच्या विरळ जागी ऋण. दोघांच्या मधे विद्युतक्षेत्र आलं. आता विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात असतील तर प्लाझ्मा दोघांनाही काटकोनात सरकतो. इथे ती दिशा नेमकी आत-बाहेरची येते. त्यामुळे दाट जागेच्या एका बाजूला आतला दाट प्लाझ्मा बाहेर येतो, दुसऱ्या बाजूला बाहेरचा विरळ प्लाझ्मा आत जातो. दाट जागा शेजारी सरकली. म्हणजे लाट चालू लागली.

एवढ्याने लाट फक्त चालते, वाढत नाही. वाढते कधी? इलेक्ट्रॉनना पांगायला थोडा उशीर झाला तर. टकरींमुळे किंवा दुसऱ्या कारणाने ते अडले, की विद्युतदाब घनतेच्या थोडा मागे पडतो. मग बाहेर येणारा दाट प्लाझ्मा बरोबर त्या जागी येतो जिथे आधीच दाट आहे. भर पडते. पुढच्या फेरीत आणखी भर.

झोक्यावर बसलेल्या मुलाला ढकलता तेव्हा काय करता? झोका परत फिरायला लागला त्या क्षणी ढकललंत तर तो वाढतो. तो तुमच्याकडे येत असताना ढकललंत तर थांबतो. जोर दोन्ही वेळी तेवढाच, फरक फक्त वेळेचा. ड्रिफ्ट लाट हा स्वतःलाच योग्य वेळी ढकलणारा झोका आहे. आणि असे एक नाही, शेकडो झोके एकाच वेळी, वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांवर, एकमेकांना धक्के देत चाललेत. ही झाली खळबळ.

त्यात ती एकसारखीही नसते. गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथला ‘आदित्य’ हा भारतात घडवलेला पहिला टोकामॅक, १९८९ मध्ये सुरू झालेला. त्याच्या कडेच्या प्लाझ्मातले चढउतार मोजल्यावर दिसलं की ते साध्या गोंगाटासारखे नाहीत. मधूनमधून मोठे उसळे येतात, अपेक्षेपेक्षा जास्त वेळा. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे गळती नळाच्या थेंबासारखी नसून, मधेच कोणीतरी बादली उपडी केल्यासारखी होते.

आवर घालायच्या तीन वाटा

पहिली वाट: इंधनच काढून घ्या. लाट उतारावर जगते, तर उतार बदला. अख्ख्या यंत्रात हे करता येत नाही (उतार हवाच आहे), पण लाट समजून घ्यायला ही वाट फार उपयोगी. याच संस्थेत एलव्हीपीडी नावाचं २ मीटर व्यासाचं आणि ३ मीटर लांबीचं भलंमोठं पिंप आहे. त्यात मधोमध एक मोठं वेटोळं बसवलंय, ते चाळणीसारखं काम करतं. त्याच्या आडव्या चुंबकीय क्षेत्रामुळे जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन एका बाजूला अडकतात. त्यामुळे पलीकडच्या भागात तापमानाचा उतार कसा असावा हे ठरवता येतं. इलेक्ट्रॉनच्या तापमानाच्या उतारावर उठणारी खळबळ त्यांनी अशा रीतीने प्रयोगशाळेत दाखवली, २०१२ साली.

यात गंमत आकारात आहे. ही लाट इलेक्ट्रॉनच्या गिरकीएवढी बारीक असते. टोकामॅकमध्ये ती गिरकी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, तिथे मोजायचं कशाने? एलव्हीपीडीत चुंबकीय क्षेत्र मुद्दाम फार कमी ठेवतात, सहा गॉसच्या आसपास. मग तीच गिरकी जवळजवळ पाच मिलिमीटरची होते आणि साधी तार घालून मोजता येते.

दुसरी वाट: झोक्याला उलट ढकला. लाट कुठे आहे हे एका तारेने मोजायचं, तो सिग्नल मोठा करायचा, त्याची वेळ थोडी पुढेमागे करायची आणि दुसऱ्या इलेक्ट्रोडवर परत द्यायचा. याला फीडबॅक म्हणतात. १९६०च्या दशकाच्या शेवटापासून असे प्रयोग झाले. वेळ जुळली तर लाट बसते, चुकली तर तीच लाट दुप्पट जोमाने उठते. अडचण एवढीच की एका झोक्याला थांबवलं की शेजारचा उठतो.

म्हणून जर्मनीत कील विद्यापीठातल्या गटाने वेगळा विचार केला. प्लाझ्माभोवती गोलाकार आठ इलेक्ट्रोड लावले आणि त्यांना असा विद्युतदाब दिला की विद्युतक्षेत्राचा नमुनाच गोल फिरायला लागला. तो ड्रिफ्ट लाटेच्याच दिशेने आणि साधारण तिच्याच वेगाने फिरवला, तेव्हा खळबळ मोडून एकच नीटनेटकी लाट उरली. उलट दिशेने फिरवला तर काहीच नाही. हे २००१ मधलं काम. मला ते फार आवडतं, कारण त्यांनी गोंधळाला गप्प केलं नाही, रांगेत उभं केलं.

तिसरी वाट: नदी बघा. ही माझ्या कामाची वाट, म्हणून जरा थांबू.

गाढीच्या पुलावरून

जुलैत गाढी नदी भरून वाहते तेव्हा पुलावर उभं राहून खाली बघा. मधला प्रवाह जोरात, काठाजवळचा संथ. फेसाचा एखादा गोल पुंजका या दोन्हींच्या सीमेवर आला की त्याचं काय होतं? एक टोक पुढे ओढलं जातं, दुसरं मागे राहतं. पुंजका लांबट होतो, मग पट्टी होते, मग तुटतो.

प्लाझ्मातल्या भोवऱ्यांचंही असंच होतं. मोठा भोवरा मोठी उडी मारून उष्णता बाहेर नेतो. शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने वाहत असतील तर मोठा भोवरा बनण्याआधीच फाटतो. उरतात लहान भोवरे, लहान उड्या. गळती कमी. शेजारच्या थरांच्या वेगातल्या या फरकाला आम्ही शिअर म्हणतो.

हे आधी कोणी ठरवून केलं नाही. १९८२ मध्ये म्युनिकजवळच्या गार्किंग इथे फ्रित्झ वाग्नर ‘ॲसडेक्स’ या टोकामॅकवर काम करत होते. तोवरचा अनुभव असा की जास्त तापवावं तर गळतीही वाढते. पण तापवण्याची एक पातळी ओलांडल्यावर प्लाझ्माने अचानक पलटी घेतली. कडेला जणू भिंत उभी राहिली आणि ऊर्जा टिकून राहण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला. याला एच-मोड म्हणतात. कडेच्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात तयार झालेला शिअर भोवरे फाडतो, हे स्पष्टीकरण नंतर १९९०च्या सुमारास पक्कं होत गेलं. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका टोकामॅकमध्ये प्लाझ्मात इलेक्ट्रोड घालून, त्याला विद्युतदाब देऊन तशीच अवस्था मुद्दाम घडवून दाखवली गेली. ‘आदित्य’मध्येही इलेक्ट्रोडचे प्रयोग झाले. हायड्रोजनचा फवारा मारून प्लाझ्मा कोसळेल अशी स्थिती आणायची आणि इलेक्ट्रोडला विद्युतदाब देऊन तो कोसळण्यापासून वाचवायचा, असं ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता माझी फजिती

मी प्रयोग करत नाही, समीकरणं संगणकावर सोडवते. प्रश्न साधा: किती शिअर दिला की ड्रिफ्ट लाटांची खळबळ बसते?

गेल्या वर्षी मला उत्तर मिळालं. फारच थोड्या शिअरला खळबळ बसत होती. आलेख इतका देखणा की मी तो एका परिषदेच्या सारांशात घालून पाठवूनही दिला. सरांनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, ‘जाळी दुप्पट बारीक करून बघितलीस का?’

नव्हती बघितली. संगणकाला जागा ठिपक्याठिपक्यांनीच कळते. ठिपके विरळ असले तर बारीक भोवरे त्यांच्यामधून निसटतात, आणि त्यांची ऊर्जा हिशेबातून नाहीशी होते. जणू पाण्याच्या जागी मध असावा. जाळी बारीक केल्यावर खळबळ परत हजर! शिअर तर लाटा मोठ्या करू नका एवढंच सांगत होता, त्यांना मारत होता तो माझा आळस. खरा उंबरठा माझ्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला. परिषदेला पत्र लिहून सारांश बदलून घेतला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या आकड्यावर विसंबून उद्या कोणी इलेक्ट्रोडचा विद्युतदाब ठरवला असता तर? म्हणून हे इथेही लिहून ठेवतेय.

गोष्ट इथे संपत नाही. बारीक जाळीवर मी शिअर आणखी वाढवत नेला. ड्रिफ्ट लाटा बसल्या, आणि थोडं पुढे गेल्यावर सीमेवर नवेच मोठे भोवरे फिरायला लागले. या वेळी वाटलं पुन्हा जाळीच चुकली. तीन आठवडे चूक शोधली. चूक नव्हतीच. गाढीच्या पुलावर परत या: वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर फेस फाटतो हे खरं, पण त्याच सीमेवर गरगरणारे भोवरे तयारही होतात ना? या अस्थिरतेला केल्व्हिन-हेल्महोल्ट्झ म्हणतात. तिचं इंधन घनतेचा उतार नाही, वेगाचा उतार आहे. म्हणजे जे औषध म्हणून दिलं तेच जास्त झाल्यावर नवा आजार. माझ्या प्रबंधाचा मुद्दा आता ‘किती शिअर पुरे’ एवढाच नाही, ‘कितीपासून कितीपर्यंत’ असा झालाय. ती फट किती रुंद आहे, हेच मी शोधतेय.

मोठ्या यंत्रांतही हाच धडा आहे. एच-मोडने कडेला भिंत उभी केली, पण त्या भिंतीपाशी उतार इतका तीव्र होतो की ती मधूनमधून फुटते आणि उष्णतेचा झोत यंत्राच्या आतल्या पृष्ठभागावर आदळतो. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या इटर यंत्रात यासाठी आतल्या बाजूला २७ वेटोळी बसवायची योजना आहे. त्यांनी चुंबकीय क्षेत्रात जराशी गडबड करायची, म्हणजे भिंत थोडीथोडी झिरपेल पण फुटणार नाही. भारत या प्रकल्पात भागीदार आहे, आणि यंत्राला बाहेरून वेढणाऱ्या प्रचंड क्रायोस्टॅटचे भाग गुजरातेत हजिऱ्याला तयार होऊन गेले. ५० मेगावॉट तापवणी देऊन ५०० मेगावॉट मिळवायचे, हे इटरचं उद्दिष्ट. ते गाठायचं तर खळबळ हिशेबात बसायला हवी. हिशेब चुकला तर तेवढंच मोठं यंत्र नुसतं ऊब देत बसेल.

आणि पनवेलचा काय संबंध?

कळंबोलीहून नवीन पनवेलला येताना भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं आवार लागतं. पुष्कळ पनवेलकर रोज त्यावरून जातात आणि आत काय चालतं हे त्यांना माहीत नसतं. या संस्थेचं मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला सुरू झाली. १९७१ मध्ये संस्था स्वायत्त झाली. पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्मातल्या लाटा आणि अस्थिरता हा तिथला एक मोठा विषय आहे.

समीकरणं तीच. चुंबकीय रेषेवरून वाहणारा इलेक्ट्रॉनचा प्रवाह आयनांच्या गिरक्यांच्या तालावर लाट उठवतो, हे १९६२ मध्ये प्रयोगशाळेतल्या छोट्या यंत्रात आधी दिसलं. १९७०च्या दशकात एस३-३ या उपग्रहाने तीच लाट ध्रुवीय प्रकाशाच्या वरच्या प्रदेशात टिपली. फरक एवढाच की तिथे इलेक्ट्रोड घालून आवर घालायची सोय नाही. सप्टेंबर १८५९च्या महावादळात कुलाब्याच्या नोंदीत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं आहे. आज तसं वादळ आलं तर उपग्रह आणि वीजजाळी दोन्ही अडचणीत येतील. तिथे आपल्या हातात आहे ते फक्त आधी ओळखणं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. प्लाझ्मा धरून ठेवता येतो, पण उतार ठेवायचा आणि लाटा नकोत, असं दोन्ही मिळत नाही. आवर घालणं म्हणजे लाटा संपवणं नव्हे. कोणत्या लाटा चालतील, किती मोठ्या चालतील, आणि एक दाबली की दुसरी कुठे उठेल, हे आधी माहीत असणं.

पुढच्या लेखात, खळबळ स्वतःच शिअर कसा तयार करते आणि स्वतःलाच कशी लगाम घालते, ते सांगेन. तोवर पाऊस आहे, एकदा पुलावर जाऊन या. सुरक्षित अंतरावरून बघा, आणि फेसावर लक्ष ठेवा.